दोहाच्या विमानतळावर दोन वेळा
(माजी विद्यार्थी स्नेहमिलन सोहळ्यातील मनोगत)



संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "तू कतारला असतोस, फुटबॉलचा वर्ल्ड कप तुझ्या डोळ्यांसमोर झाला. त्यावर दहा-पंधरा मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाम फुटला. कारण खरं सांगायचं तर 20 नोव्हेंबर ते 18 डिसेंबर 2022 या एकोणतीस दिवसांत तिथे 64 सामने झाले, आणि त्यातला एकही मी मैदानात बसून पाहिला नाही. मी एका हॉटेलच्या गच्चीवर चिलर सांभाळत होतो. खाली खोल्यांमध्ये झोपलेल्या पाहुण्यांना गार हवा मिळते ना, एवढंच माझं काम. तेव्हा मेस्सी कसा खेळला हे ऐकायचं असेल तर ते आपल्या गावातल्या पोट्ट्यांना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मी विमानतळाबद्दल बोलणार आहे. दोहाच्या विमानतळावर मी आतापर्यंत बारा-पंधरा वेळा उतरलो असेन, पण दोनच वेळा असं झालं की मी उतरलो आणि शहरात जगातली मोठी स्पर्धा चालू होती. एकदा 2006 साली, एकदा 2022 साली. दोन्ही वेळा सगळं जग खेळासाठी आलं होतं आणि मी कामासाठी.

पहिली वेळ सांगतो. आय.टी.आय. करून नागपूरला एका दुकानात एसी दुरुस्तीला होतो. धानाचं तुम्हाला माहीतच आहे, चांदपूरच्या तलावात पाणी असलं तर ठीक, नाही तर बांधी नुसती पाहत बसायची. एजंटाने दोहाचा व्हिसा आणला. पासपोर्टवर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचा शिक्का मारून घेतला, तुमसर रोडला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो, आणि 30 नोव्हेंबरच्या रात्री मुंबईहून आयुष्यातल्या पहिल्या विमानात चढलो. त्याआधी मी विमान फक्त खालून पाहिलं होतं, तेही बांधीत उभं राहून.

दोहाला तेव्हा जुनं विमानतळ होतं, समुद्राच्या अगदी कडेला. तिथे विमान इमारतीला लागत नसे. मैदानात थांबायचं, मग बसने जायचं. ती बस दोन ठिकाणी थांबायची. एक थांबा पुढच्या विमानाने दुसऱ्या देशात जाणाऱ्यांचा, दुसरा दोहात उतरणाऱ्यांचा. कोणी कुठे उतरायचं हे तिकिटाच्या पाकिटाच्या रंगावरून ठरलेलं होतं, आणि विमानात तसं सांगितलंही होतं, पण इंग्रजीत आणि अरबीत. मला वाटलं आपल्या एस.टी.सारखं असेल, गाडी थांबली की सगळे उतरतात. मीही उतरलो. अर्धा तास मी लंडनला जाणाऱ्यांच्या रांगेत होतो. एका बाईने माझं पाकीट पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मला परत बसमध्ये बसवून दिलं.

तोपर्यंत माझ्याबरोबर मुंबईहून आलेले आमच्याच कंपनीचे चौघे पुढे निघून गेले होते. मी धावतपळत मोठ्या हॉलमध्ये शिरलो. बघतो तर सगळीकडे फलक, झेंडे, आणि ओरी नावाच्या हरणाची चित्रं. ओरिक्स म्हणजे तिकडचं लांब शिंगांचं पांढरं हरीण, ते त्या आशियाई खेळांचं बोधचिन्ह होतं. 1 डिसेंबरला, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी, पंधराव्या आशियाई स्पर्धेचं उद्घाटन होतं. आशियातले सगळेच्या सगळे 45 सदस्य देश पहिल्यांदाच एका स्पर्धेला आले होते. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दोहाचं विमानतळ रोज असंच सजलेलं असतं.

समोर दहा-बारा तगडी पोरं दिसली, पाठीवर 'इंडिया' लिहिलेली. परक्या मुलुखात आपल्या देशाचं नाव दिसल्यावर माणूस काय करणार? मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. रांग छान भराभर सरकत होती. टेबलाशी एक स्वयंसेवक मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "विच स्पोर्ट?"

सर, तुम्ही इथे समोर बसला आहात म्हणून सांगतो. तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. मी छाती काढून म्हणालो, "आय प्ले कबड्डी."

खोटं काही नव्हतं. आपल्या शाळेच्या संघात मी डावा कोपरा होतो, गुडघा आजही त्याची साक्ष देतो. त्या पोरीने कबड्डीची यादी काढली. माझं नाव शोधलं. मग पुन्हा शोधलं. मग तिला शंका आली, तिने माझ्या हातातला कागद घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'एसी हेल्पर'. ती काही रागावली नाही. हसली, उठली आणि मला हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या रांगेत सोडून आली. त्या रांगेत नेपाळचे, बांगलादेशचे, बिहारचे, केरळचे आम्ही दोन-अडीचशे जण असू. ती रांग अजिबात भराभर सरकत नव्हती. त्या स्पर्धेत कबड्डीचं सुवर्ण भारतालाच मिळालं, फायनलमध्ये पाकिस्तानला हरवून. म्हणजे माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं तेव्हा हसण्यासारखं नव्हतं.

मी बाहेर आलो तेव्हा पहाट झाली होती. कंपनीचा माणूस बाकी चौघांना घेऊन निघून गेला होता. माझ्याकडे एका कागदावर ऑफिसचा फोन नंबर होता. पण दिवस शुक्रवार, म्हणजे तिकडे सुट्टी. एका दुकानदाराने हातवारे करून सांगितलं की ऑफिसात कोणी उचलणार नाही. खिशात एजंटाने बदलून दिलेले पन्नास रियाल होते आणि ते मोडायची भीती वाटत होती. मी भिंतीशी बॅगेवर बसून राहिलो. सकाळचे आठ वाजले, नऊ वाजले. आकाश भरून आलं होतं. वाळवंटात पाऊस येतो हेही मला माहीत नव्हतं. खेळाडूंच्या बसगाड्या येत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते, कोणी फुलं देत होतं. मी मनात हिशेब करत होतो की एजंटाला दिलेलं कर्ज किती आहे आणि इथून परत पाठवलं तर ते कसं फिटेल. रडलो नाही असं आजवर घरी सांगत आलो. आज तुमच्यासमोर ते दुरुस्त करतो.

तेवढ्यात एक माणूस समोर येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात गाडीची किल्ली. तो कोणाला तरी सोडायला आला होता. माझ्या बॅगेवर मराठीत नाव लिहिलेलं होतं. वाचून म्हणाला, "कुठचा रे तू?"

मी म्हटलं, "भंडारा."

"ते कुठे आलं?"

"नागपूरच्या पुढे."

"मी रत्नागिरीचा. चल, आधी चहा पिऊ."

तो एका अरबाच्या घरी ड्रायव्हर होता. त्याने मला चहा पाजला, माझा कागद वाचला, आपल्या मोबाइलवरून चार ठिकाणी फोन केले. कोणा ओळखीच्याकडून आमच्या कंपनीच्या कॅम्पचा पत्ता काढला. संध्याकाळी उद्घाटन असल्यामुळे रस्ते बंद होणार होते, म्हणून घाईघाईने मला इंडस्ट्रियल एरियात नेऊन सोडलं. उतरताना एवढंच म्हणाला, "इथे कागद हातातून सोडायचा नाही. झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेव." त्याच्या मालकाची गाडी होती, उशीर झाला म्हणून त्याला बोलणी बसली असणार. मी घाबरलेला होतो. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

रात्री कॅम्पमधल्या छोट्या टीव्हीवर आम्ही वीस जणांनी उद्घाटन पाहिलं. धो धो पाऊस पडत होता, आणि त्या पावसात खलिफा स्टेडियमच्या उभ्या उतारावर तिथल्या अमीरांचा मुलगा घोडा घेऊन चढला, वर ज्योत पेटवायला. ओल्या उतारावर घोड्याचा पाय घसरला तेव्हा आमच्या खोलीतले सगळे एकदम "अरे, अरे" म्हणाले, पाच-सहा भाषांत. कतारमधली माझी पहिली रात्र ती.

आता दुसरी वेळ. मधली सोळा वर्षं मी सोडून देतो. हेल्परचा टेक्निशियन झालो, टेक्निशियनचा सुपरवायझर झालो, लग्न झालं, इथे घर बांधलं, जे तुम्ही येता-जाता पाहता आणि 'दोहाचं घर' म्हणता. तिकडेही बरंच बदललं. आम्ही गेलो तेव्हा देश सोडायला मालकाची परवानगी लागायची, ती चिठ्ठी मिळाल्याशिवाय विमानात बसता येत नसे. 2018 च्या कायद्याने बहुतेक कामगारांची त्यातून सुटका झाली. 2020 मध्ये मालक बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागणं बंद झालं. 2021 पासून किमान पगार एक हजार रियाल ठरला. वर्ल्ड कपमुळे जगाचे डोळे तिकडे लागले म्हणून हे लवकर झालं, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. ज्यांनी ती स्टेडियमं, ते रस्ते बांधले त्यांच्यातले किती जण उन्हात आणि साइटवर गेले यावर मोठा वाद झाला. आकडे वेगवेगळे सांगतात, मी आकड्यांत पडत नाही. आमच्या कॅम्पमधून ज्या खाटा रिकाम्या झाल्या त्या मला आठवतात.

2022 च्या ऑक्टोबरपासून आमच्या कंपनीने सगळ्यांच्या सुट्ट्या बंद केल्या. वर्ल्ड कप संपेपर्यंत कोणी जायचं नाही. 6 नोव्हेंबरला बाबा गेले. माझ्या वर्गातल्या अनेकांना ते आठवत असतील. शाळेच्या फाटकापर्यंत सायकलवर धानाची पोती नेणारे. दोन दिवसांनी मी पोहोचलो तेव्हा अस्थी गोळा करायच्या होत्या, अग्नी धाकट्या भावाने दिला होता. दहाव्याला मुंडण केलं, तेरावं केलं. चुलतभाऊ म्हणाला, धानाचा चुरणा होईपर्यंत थांब. पण कंपनीने जेवढे दिवस दिले होते तेवढेच होते. 20 तारखेला निघालो. 22 नोव्हेंबरच्या पहाटे मुंबई विमानतळावर होतो, डोक्यावर केस नाहीत आणि मनात बोलायला काही नाही.

आणि गेटवर काय गर्दी! अर्जेंटिनाचे आकाशी-पांढरे पट्टे, ब्राझीलचा पिवळा, पोर्तुगालचा लाल. अर्जेंटिनाचा सौदी अरेबियाशी सामना त्याच दुपारी होता. त्या अर्जेंटिनातला निम्मा मल्याळम बोलत होता आणि उरलेला बंगाली. नंतर युरोपातल्या काही वर्तमानपत्रांनी लिहिलं की हे भारतीय चाहते खोटे आहेत, पैसे देऊन आणलेले आहेत. मी त्या विमानात बसलो होतो. पैसे घेऊन आलेला माणूस विमानात चार तास झोपतो, गाणी म्हणत नाही. मागच्या सीटवरचा एक पोरगा माझं डोकं पाहून मोठ्या कौतुकाने हिंदीत म्हणाला, "अंकल, कोणत्या प्लेयरची स्टाइल?" मी काही बोललो नाही. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं, आपल्याकडे मुंडणाचा अर्थ सगळ्यांना कळतो. पोराने दोन्ही हात जोडले आणि दोहा येईपर्यंत त्याने एकही गाणं म्हटलं नाही. मलाच वाईट वाटलं. त्याने गायला हवं होतं.

विमानात चढण्याआधी मी घरी फोन करत होतो, पोवारीत. तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं, "काका, तुम्ही कुठले?" वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, तिरोड्याकडचा. त्याच्याही घरी पोवारीच. स्पर्धेपुरते जे हजारो सुरक्षा कर्मचारी घेतले होते त्यांत त्याला काम लागलं होतं, पण व्हिसाला उशीर झाला आणि स्पर्धा सुरू झाल्यावर तो निघाला होता. बारावी झालेला. एक आनंदाची गोष्ट सर, आता दहावी पास असलं की आखाती देशांत जायला तो प्रोटेक्टरचा शिक्का लागत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेचा हा उपयोग तुम्ही आम्हाला कधी सांगितला नव्हता. सांगितला असता तर मागच्या बाकावरचे दोन-चार जण शाळा सोडून गेले नसते.

पहाटे हमद विमानतळावर उतरलो. हे नवं, 2014 साली सुरू झालेलं. ज्यात मी पहिल्यांदा उतरलो ते जुनं तेव्हा बंद पडलं होतं, पण या वर्ल्ड कपच्या गर्दीसाठी त्यालाही पुन्हा उघडलं. फ्लायदुबई, एअर अरेबिया, नेपाळची विमानं तिकडे उतरत होती. नव्या विमानतळावर बस नाही, पाकिटाचा रंग नाही. दारातच ढोल, लईब नावाचं पांढऱ्या रुमालासारखं उडतं बोधचिन्ह, आणि पिवळ्या-हिरव्या हातमोज्यांनी वाट दाखवणारे स्वयंसेवक. चाहत्यांकडे हय्या नावाचं कार्ड होतं. तोच त्यांचा व्हिसा, तेच मेट्रोचं फुकट तिकीट. ते दाखवलं की बाहेर सिमकार्डही मिळे.

आम्हा राहणाऱ्यांना वेगळं ई-गेट असतं, कार्ड ठेवायचं आणि निघायचं. माझं गेट उघडेना. कार्डावरच्या फोटोत केस आणि समोर टक्कल. मला काउंटरवर पाठवलं. तरुण कतारी अधिकारी होता. फोटो पाहिला, मला पाहिलं, हसून म्हणाला, "उमरा?" मक्केला उमरा करून आलेले पुरुष डोकं भादरतात, त्याला तसं वाटलं. मी म्हटलं, "नो. माय फादर." पुढचं वाक्य पूर्ण करता आलं नाही, सर. त्याचं हसू गेलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अल्ला यरहमा." म्हणजे ईश्वर त्यांच्यावर दया करो. मग शिक्का मारून कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. मागे ढोल वाजत होते.

बाहेर पडताना एका स्वयंसेवकाने गळ्यात मफलर घातला आणि विचारलं, "विच टीम?"

सोळा वर्षांनी तोच प्रश्न. मी म्हटलं, "नाइट शिफ्ट." तो खूप हसला.

आता जे सांगायचं आहे ते इथे आहे. मी मेट्रोकडे निघालो. वर्ल्ड कपमध्ये हाताच्या आकाराचा मोठा फोम घेऊन "मेट्रो, धिस वे" म्हणणारे स्वयंसेवक जागोजागी होते. सूक वाकिफच्या स्टेशनबाहेर उंच खुर्चीवर बसणारा केनियाचा एक पोरगा तर त्या तीन शब्दांमुळे जगभर प्रसिद्ध झाला. मी त्या फोमच्या बोटामागे चालत होतो आणि मला वाटेत तो तिरोड्याचा मुलगा दिसला. भिंतीशी, बॅगेवर बसलेला.

मी थांबलो नाही. हे मला कबूल करायचं आहे. मला दुपारी दोनला ड्युटीवर हजर व्हायचं होतं, दोन रात्री झोप नव्हती, आणि मनात म्हटलं, येईल त्याच्या कंपनीचा माणूस. इतकंच नाही. सोळा वर्षांत मी जितक्या वेळा त्या विमानतळावरून बाहेर पडलो तितक्या वेळा भिंतीशी कोणी ना कोणी बसलेलं पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी हेच म्हटलं आहे. रत्नागिरीच्या त्या माणसाची गोष्ट मी कॅम्पमध्ये शंभरदा सांगितली असेल. गोष्ट सांगायला काही लागत नाही.

प्लॅटफॉर्मवर गाडी आली. दारं उघडली. आतल्या अर्जेंटिनावाल्यांनी माझ्यासाठी जागा केली. मी चढलो नाही. कशामुळे, हे मला नीट सांगता येणार नाही. बाबा सायकलवरून उतरून वाटेतल्या कोणाचंही ओझं घ्यायचे आणि आई चिडायची, ते आठवलं असेल. किंवा नुसता थकलो असेन.

परत गेलो. मुलाच्या फोनमध्ये सिम नव्हतं, चाहत्यांना मिळे तसं त्याला मिळालं नव्हतं, त्याच्याकडे हय्या कार्ड नव्हतं. एजंटाने दिलेल्या चिठ्ठीवर नंबर होता. मी माझ्या फोनवरून लावला, लागेना. पुन्हा लावला. मग चिठ्ठी नीट पाहिली. सुरुवातीला 974, तो त्या देशाचा क्रमांक. त्यावरूनच तर तिथे 974 जहाजी कंटेनर वापरून बांधलेल्या स्टेडियमला 'स्टेडियम 974' नाव दिलं आहे. त्यापुढे आठ आकडे हवेत. चिठ्ठीवर सातच होते. एजंटाने उतरवताना एक आकडा गाळला होता, आणि त्या पोराने तीन तास ती चिठ्ठी हातात घट्ट धरून ठेवली होती.

व्हिसाच्या कागदावर कंपनीचं नाव होतं. मी हातात पाट्या घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हरांकडे एकेकाला विचारत गेलो. पहिला बांगलादेशी, दुसरा पठाण, तिसरा श्रीलंकेचा. विमानतळावरच्या ड्रायव्हरांना सगळ्या कंपन्या माहीत असतात, कोणता ड्रायव्हर कोणत्या खांबाशी उभा राहतो हेही. पठाणाने सांगितलं, त्या कंपनीचा माणूस पहाटेपासून नेपाळी मुलांची वाट पाहतोय, पण ती जुन्या विमानतळावर उतरली म्हणून तिकडे गेला, येईल परत. साडेअकराला तो आला. त्याच्या पाटीवर पाच नावं होती आणि आमच्या मुलाचं नाव इतकं चुकीचं लिहिलं होतं की त्याच्या आईलाही वाचता आलं नसतं. तोवर आम्ही दोघांनी घरून आणलेला चिवडा संपवला होता. तो गाडीत बसला तेव्हा मी त्याला माझा नंबर लिहून दिला. कागदाची झेरॉक्स काढून दोन ठिकाणी ठेव, असंही सांगितलं. माझ्या तोंडून ते आपोआपच आलं.

ड्युटीवर मी चाळीस मिनिटं उशिरा पोहोचलो, पगारातून अर्धा दिवस गेला. तीनच्या सुमाराला गच्चीवर चिलरशेजारी होतो तेव्हा खालून अशी आरोळी उठली की मला वाटलं काही स्फोट झाला. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 ने हरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सौदीत राजाने सुट्टी जाहीर केली. विमानातला तो मागच्या सीटवरचा पोरगा कुठे असेल, असं मनात आलं.

तिरोड्याच्या मुलाचा फोन मग अधूनमधून यायचा. त्याला शेवटी लुसैल स्टेडियमवर ड्युटी मिळाली. 18 डिसेंबरची फायनल, अर्जेंटिना आणि फ्रान्स, जवळजवळ 89 हजार माणसं, 3-3 बरोबरी आणि मग पेनल्टीवर 4-2. जगाने जिचा श्वास रोखून शेवट पाहिला ती मॅच आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या पोराने मैदानात उभं राहून केली. मी विचारलं, "मेस्सी कसा दिसतो रे जवळून?"

तो म्हणाला, "काका, आमची तोंडं लोकांकडे. मैदानाकडे पाठ. मागे वळून पाहिलं तर सुपरवायझर ओरडतो."

"मग काहीच नाही पाहिलं?"

"लोकांची तोंडं पाहिली ना. गोल कोणाचा झाला ते बरोबर कळायचं. समोर एक म्हातारा अर्जेंटिनावाला होता, शेवटी तो माझ्या गळ्यात पडून रडला. मला वाटलं हरले. मग कळलं, जिंकले."

करार संपल्यावर डिसेंबरअखेर तो परत आला. आता तिरोड्यालाच मोबाइलचं दुकान टाकलं आहे. सिमकार्ड विकतो.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत, संपवतो. आपल्या सिहोरा परिसरातली दोन मुलं पुढच्या महिन्यात दोहाला निघणार आहेत असं काल चहाच्या टपरीवर कळलं. एक तर आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीचा भाचा आहे. त्यांना आणि आणखी कोणी जाणार असेल तर त्यांना माझा नंबर द्या. मी सुट्टी संपवून त्यांच्याआधी तिकडे पोहोचलेला असेन. मागे फळ्यावर खडूने लिहून ठेवला आहे. 974 च्या पुढे आठ आकडे आहेत. उतरवून घेताना मोजून घ्या.